दहा बाय बाराच्या खोलीत पाच खोकी

‘छोटं घर’ हा यंदाच्या खास विभागाचा विषय. बाल्कनीतली बाग, भिंतीत दुमडणारा पलंग, देवघराची जागा असे गोड विषय आधीच कुणीकुणी पटकावले होते. उरलेला संपादकांनी माझ्याकडे सरकवला : छोट्या हॉलमध्ये, बेताच्या पैशात, थिएटरसारखा आवाज येतो का? जाऊन बघ आणि लिही.

योगायोग असा, की डोंबिवलीला माझा मामेभाऊ नेमका हाच प्रश्न घेऊन बसला होता. ‘तुंबाड’ २०२४मध्ये पुन्हा थिएटरात लागला तेव्हा तो पाहून आला, आणि तेव्हापासून घरच्या टीव्हीतला पाऊस त्याला नळ गळल्यासारखा वाटू लागला. मामीचं म्हणणं अगदी वेगळं. “मला पाऊसबिऊस नको. मालिकेतली ती सून काय पुटपुटते तेवढं ऐकू आलं की झालं.” दोघांच्या मागण्या एकाच बजेटात बसवायच्या होत्या : वीस हजार, इलेक्ट्रिशियनच्या मजुरीसकट. हॉल दहा बाय बारा.

लॅमिंग्टन रोड

ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरायचं आणि चालू लागायचं. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असं लिहिलेलं असतं, पण टॅक्सीवाल्यापासून घाऊक व्यापाऱ्यापर्यंत सगळे लॅमिंग्टन रोडच म्हणतात. याच रस्त्यावर मिनर्व्हा थिएटर होतं. १९७५ साली ‘शोले’ तिथं लागला आणि पाच वर्षं हलला नाही. ७० एमएमचा पडदा आणि स्टिरिओफोनिक आवाज हे त्याचं तेव्हाचं आकर्षण. अमिताभनं उडवलेलं नाणं पडल्याचा आवाज आला की लोक आपल्याच खुर्चीखाली वाकून बघायचे, असं जुने प्रेक्षक आजही रंगवून सांगतात. मिनर्व्हा आता नाही. नाणं बाजूला पडल्याचा भास मात्र इथली दुकानं अजून विकतात, खोक्यांत भरून.

ज्या दुकानात आम्ही शिरलो तिथं मागच्या बाजूला काचेचं दार लावून छोटी डेमो-रूम केलेली होती. सेल्समननं दिवे मालवले, हेलिकॉप्टर लावलं. जमीन थरथरली. मामेभावाच्या चेहऱ्यावर खरेदी झाल्याचं समाधान दिसायला लागलं. मी बघितलं ते एवढंच, की त्या खोलीत खाली गालिचा, भिंतींना फोम, दोन्ही बाजूंना सारखी भिंत आणि खुर्ची बरोबर मध्ये. डोंबिवलीच्या हॉलमध्ये यातलं काहीही नाही. तिथं खाली गुळगुळीत टाइल्स, एका बाजूला बाल्कनीचं सरकतं दार, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराकडे जाणारी वाट, आणि सोफा भिंतीला घट्ट टेकवलेला. शिवाय हेलिकॉप्टर हा फसवा नमुना आहे. खऱ्या हेलिकॉप्टरच्या आत बसून कुणीच तुलना करत नाही. माणसाचं बोलणं मात्र आपण सगळे ओळखतो. म्हणून डेमोला गेलात तर दोन माणसं शांतपणे बोलत असलेला प्रसंग लावायला सांगा. सेल्समन थोडा नाराज होतो. होऊ द्या.

खोकं उलटं करून बघा

या बाजारात ‘५.१’ हा आकडा साबणाच्या वडीवर छापावा इतक्या सहज छापलेला सापडतो. त्याचा मूळ अर्थ नेमका आहे. समोर डावा, मधला आणि उजवा, मागे दोन, अशा पाच स्वतंत्र वाटा. आणि फक्त खालच्या, घुमणाऱ्या स्वरांसाठी राखलेली एक अरुंद वाट. ती पूर्ण नाही म्हणून तिला ‘पॉइंट वन’ म्हणायचं. डॉल्बी डिजिटलमधून हा प्रकार १९९२च्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’बरोबर थिएटरांत आला, आणि पुढच्याच वर्षी ‘जुरासिक पार्क’नं डीटीएस आणलं.

पण पाच डबे असले म्हणजे पाच वाटा आल्या असं नाही. स्वस्तातल्या संचाची मागची बाजू बघा : ब्लूटूथ, यूएसबी, एफएम आणि लाल-पांढऱ्या पिनांची ऑक्स. यातून आत जाणारा आवाज जवळजवळ नेहमी दोनच वाटांचा, म्हणजे स्टिरिओ असतो. मग तो डबा डाव्याचं डाव्या दोघांना, उजव्याचं उजव्या दोघांना वाटून देतो. खोलीभर आवाज होतो, मान्य. पण पडद्यावर मागून येणारी गाडी मागून येत नाही, ती चारही कोपऱ्यांतून एकदमच येते. गाणी वाजवायची, गणपतीत आरती लावायची, तर याला नावं ठेवायचं कारण नाही. सिनेमासाठी मात्र हे पैसे फुकट.

तर काय बघायचं? टीव्हीवरचं ‘एआरसी’ लिहिलेलं एचडीएमआय भोक आणि संचावरचं तसंच भोक. टीव्हीतला आवाज संचाकडे नेण्याची ही सोय एचडीएमआयच्या १.४ आवृत्तीपासून, म्हणजे २००९पासून आहे, त्यामुळे घरातला बऱ्यापैकी अलीकडचा टीव्ही असेल तर त्याच्यावर ती बहुतेक सापडते. नसेल तर ऑप्टिकल. त्याच्या काचतंतूसारख्या बारीक वायरीतूनही डॉल्बी डिजिटल ५.१ व्यवस्थित जातं. आणखी एक खाच आहे. काही संचांना एआरसीचं भोक असतं, पण आत डॉल्बी उलगडणारा भागच नसतो. ते फक्त ‘पीसीएम’ स्टिरिओ घेतात. भोक दिसलं म्हणून भागत नाही. माहितीपत्रकात डॉल्बी डिजिटल हे शब्द शोधायचे.

आम्ही दुकानात एक साधी चाचणी केली. पेन ड्राइव्हवर एक खरी ५.१ फाइल नेली होती, जिच्यात एक बाई एकेका स्पीकरचं नाव पुकारते. ती दुकानातल्या टीव्हीला लावली आणि टीव्हीतून एचडीएमआयनं संचाला. पहिल्या संचावर बाई ‘मागचा डावा’ म्हणाली आणि पुढच्या-मागच्या दोन्ही डाव्या डब्यांतून बोलली. सेल्समन म्हणाला, “सर, सेटिंग असेल.” दुसऱ्या संचावर ती खरोखर मागच्या डाव्यातूनच बोलली. हीच चाचणी मोबाइलवरून ब्लूटूथनं करू नका, तिथं ती बिचारी कायम दोनच जागांहून बोलणार.

वॅट नावाचा फुगा

एकेकाळी रस्त्यावरच्या टेपरेकॉर्डरवरही पीएमपीओ म्हणून पाच हजार वॅट लिहिलेले असायचे. तेव्हा कुणी विचारलं नाही की एवढी वीज त्या बारक्या वायरीतून येते कशी. आता पीएमपीओ कमी झालं, फुगा तसाच आहे. खोक्यावर शेकड्यांनी वॅट, आणि सोबतच्या अॅडॉप्टरवर बारीक अक्षरांत २४ व्होल्ट, ३ अँपियर. गुणाकार करा : ७२ वॅट. भिंतीतून ७२ आत येत असतील तर सतत ७२च्या वर बाहेर पडणं शक्य नाही. अॅडॉप्टर वाचायची ही सवय लावून घेतली की निम्मी जाहिरात आपोआप गळून पडते.

आणि मुळात छोट्या खोलीला लागतात किती? साधारण स्पीकर एका वॅटवर एका मीटरवर ८५ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. दहा बाय बारात आपण फार तर दोन मीटरवर बसतो. तिथं तो ७९च्या घरात येतो, आणि भिंती परत पाठवतात ती भर वेगळीच. समोरासमोर बसून बोलताना आवाज साठच्या आसपास असतो. म्हणजे एका वॅटलाच घर दणाणायला लागतं. पडद्यावर स्फोट झाला तरी प्रत्येक स्पीकरला चार-पाच वॅट पुरतात. वॅट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त तीन डेसिबलनं. कानाला तो दुप्पट वाटावा म्हणून वॅट दसपट करावे लागतात. शंभर वॅटचा आणि दोनशे वॅटचा संच यांच्यातला फरक छोट्या खोलीत किमतीत जेवढा दिसतो तेवढा कानाला जाणवत नाही.

वॅट खरोखर खातो तो सबवूफर. तिथं कंजूषपणा करू नये. पण त्याचीही एक गंमत आहे. साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो ते आपल्या कानाला धड कळत नाही, म्हणून सबवूफर कुठंही ठेवा असं सांगतात. ते चांगल्या, मोठ्या स्पीकरांना लागू आहे. स्वस्तातल्या संचाचे सॅटेलाइट स्पीकर मुठीएवढे असतात. त्यांचा दोन-तीन इंची कोन, म्हणजे हलणारा शंकू, ८०पर्यंत उतरतच नाही. मग दीडशे-दोनशे हर्ट्झपर्यंतचं काम सबवूफरच्या गळ्यात पडतं. पुरुषाचा आवाज सुरू होतो तोच साधारण शंभर-सव्वाशेला. परिणाम असा, की सबवूफर सोफ्यामागे ठेवला तर नायकाचं तोंड टीव्हीत आणि छाती सोफ्यामागे. अशा संचात सबवूफर टीव्हीच्या बाजूलाच बरा.

खोली काय म्हणते

खोलीकडे दुर्लक्ष करून केलेली खरेदी मी बरीच पाहिली आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाज ये-जा करतो आणि भिंतींमधल्या अंतरानुसार काही स्वर तिथं अडकून फुगतात. बारा फुटांच्या अंतरात हा स्वर ४७ हर्ट्झच्या आसपास येतो, दहा फुटांत ५६च्या. दोन्ही वेगळे, त्यामुळे फुगवटा विभागला जातो. गिरगावातली एखादी जुनी चाळीची खोली घ्या : दहा बाय दहा आणि उंचीही दहा. लांबी, रुंदी, उंची तिघी मिळून त्याच ५६वर बसतात. तिथं चांगला सबवूफरही एकाच सुरात गुरगुरतो, आणि दोष मात्र कंपनीला मिळतो. डोंबिवलीचा हॉल आयताकृती आहे एवढं त्याचं नशीब.

हा फुगवटा खोलीभर सारखा नसतो. भिंतीलगत तो सर्वांत जास्त, मध्ये कुठंतरी नाहीसाच. आपल्याकडचा सोफा भिंतीला टेकलेला, म्हणजे बसणारा बरोबर फुगवट्यात. सोफा वीतभर पुढे ओढला तरी फरक पडतो. सबवूफरची जागा शोधायची जुनी युक्ती आहे : तो उचलून सोफ्यावर, आपण बसतो तिथं ठेवायचा, बेस असलेलं गाणं लावायचं, आणि आपण जमिनीलगत रांगत भिंतीकडेनं फिरायचं. जिथं बेस सलग, एकसारखा ऐकू येईल तिथं सबवूफर. मामेभावानं हे मनोभावे केलं. मामी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, “लहानपणी इतका रांगला नव्हता.” टीव्हीच्या डावीकडे, कोपऱ्यापासून दीड-दोन फूट अलीकडे जागा निघाली. अगदी कोपऱ्यात आवाज जास्त होता, पण एकच सूर घुमत होता.

टाइल्सचा प्रश्न सोपा. खोलीत मधोमध उभं राहून एक टाळी वाजवायची. टाळीमागे टणत्कार आला तर बोलणंही त्यातच विरघळणार. त्यावर उपाय घरातच असतात : जाड सतरंजी, सोफ्यावर कापडी उशा, बाल्कनीच्या दाराला चुण्यांचा पडदा, उघडं पुस्तकांचं कपाट. बाजारात मिळणारा इंचभर जाडीचा नक्षीदार फोम या टणत्काराला थोडा उपयोगी पडतो, बेसला अजिबात नाही. शोकेसमधल्या स्टीलच्या पेल्यांचा मात्र बंदोबस्त करावा लागला. बेस वाढवून, काचेवर हात ठेवून कोण वाजतंय ते शोधलं. मामाच्या निवृत्तीची ढाल निघाली.

सून काय म्हणाली

मामीची तक्रार वयाची नाही. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा भिंतीकडे तोंड करून बसवलेले असतात. सिनेमात संवाद जवळपास सगळेच्या सगळे मधल्या वाटेवर असतात. टीव्ही त्या सहा वाटांचं दोनांत कालवण करतो आणि संवाद पार्श्वसंगीताखाली दबतात. मग संवादाला आवाज वाढवायचा, मारामारी आली की धावत जाऊन कमी करायचा, हे घरोघरचं आहे. मधला स्पीकर वेगळा असला की फक्त त्याचीच पातळी दोन-तीन डेसिबल वर नेता येते. माझं स्पष्ट मत असं, की कमी पैशात आणि छोट्या खोलीत मागच्या दोन स्पीकरांपेक्षा हा मधला एक महत्त्वाचा. निवड करायची वेळ आली तर समोरचे तीन आणि सबवूफर घ्या, मागचे सोडा.

सेट-टॉप बॉक्सवरच्या मालिका बहुतेक स्टिरिओतच येतात, त्यामुळे तिथं मधली वाट मुळात नसते. पण दोन्ही बाजूंना सारखा असणारा आवाज गाळून मध्ये आणण्याचं काम संच करू शकतो. रिमोटवर त्याला ‘व्हॉइस’, ‘ऑटो साउंड’ किंवा असंच काही नाव असतं. मामीच्या पहिल्या संध्याकाळी तेच लावून दिलं. सून स्वच्छ ऐकू आली. मामी अर्धा तास ऐकत बसली आणि म्हणाली, “एवढं पुटपुटत होती, पण बोलत काहीच नव्हती.”

मधला स्पीकर किंवा समोरचे स्पीकर एकत्र असलेला साउंडबार कपाटाच्या खणात आत ढकलायचा नाही; कडेपर्यंत पुढे ओढायचा. आपल्याकडे टीव्ही भिंतीवर उंच टांगायची खोड आहे, त्यामुळे बार बराच खाली राहतो. खाली रबराचा तुकडा सरकवून त्याचं तोंड किंचित वर, कानाच्या रोखानं केलं.

मागचे दोन

नियमाप्रमाणे मागचे स्पीकर श्रोत्याच्या बाजूला आणि थोडे मागे, समोरच्या मध्यरेषेपासून १०० ते १२० अंशांवर हवेत. सोफा भिंतीला टेकलेला असेल तर मागे जागाच नाही. तिथं ते बाजूच्या भिंतींवर, बसल्यावर कानापेक्षा फूट-दोन फूट उंच लावायचे. डोंबिवलीत एका बाजूला भिंत मिळाली, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराची वाट. तिथला स्पीकर दाराच्या चौकटीवर, हवा होता त्यापेक्षा लांब गेला. यासाठी संचात अंतराचं सेटिंग असतं, ते भरायचं. आवाज एका फुटाला साधारण एक मिलिसेकंद घेतो. जवळच्या स्पीकरला तेवढं थांबायला लावलं की दोन्ही एकदम पोचतात.

‘वायरलेस’ मागचे स्पीकर ऐकायला छान, पण त्यांनाही विजेची वायर लागतेच. आम्ही वायरवालेच घेतले. इलेक्ट्रिशियननं छताच्या कडेनं पांढरी केसिंग पट्टी ठोकून वायर फिरवली. वायर जोडताना लाल-काळं उलटं झालं तर आवाज पोकळ होतो. जुने कारागीर दीड व्होल्टचा सेल क्षणभर वायरीला टेकवून बघतात : कोन बाहेर आला तर सेलचं अधिक टोक जिथं आहे ती वायर अधिक.

खोक्यावरच्या ‘अॅटमॉस’च्या मोहात या बजेटमध्ये पडू नये. वरून आवाज आणणाऱ्या या पद्धतीचा पहिला सिनेमा २०१२चा ‘ब्रेव्ह’. स्वस्त संचात तो आवाज छतावर आपटून खाली आणायचा असतो आणि त्यासाठी सपाट, मोकळं छत लागतं. आपल्या छताच्या मधोमध पंखा. मे महिन्यात तो पाचवर फिरतो तेव्हा मागच्या स्पीकरांतली बारीक कुजबुजही ऐकू येत नाही, अॅटमॉस तर दूरच.

हौशी माणसाला आणखी एक रस्ता आहे. लॅमिंग्टन रोडच्या आतल्या गल्ल्यांत किंवा पुण्यात तापकीर गल्लीत ४४४० आयसीचे बोर्ड, १२-०-१२चे ट्रान्सफॉर्मर, प्रोलॉजिक बोर्ड असं सगळं सुटं मिळतं, आणि तिथला माणूस कॅबिनेटसकट अँप्लिफायर जुळवूनही देतो. किंवा जुना, नामांकित रिसीव्हर सेकंडहँड घ्यायचा. त्याला ऑप्टिकल असलं की पुरे. मला वैयक्तिक हाच रस्ता आवडतो. पण जुने स्पीकर घेताना कोनाभोवतीची फोमची कड बोटानं दाबून बघा, मुंबईच्या दमट हवेत ती भुगा होते. मामीच्या हॉलमध्ये मात्र असली प्रयोगशाळा परवडणारी नव्हती. बार, त्याला जोडलेला सबवूफर आणि वायरवाले दोन मागचे, एआरसी आणि डॉल्बी डिजिटलसह, असा तयार संच वीस हजारांच्या आत बसला.

खालचे काका

सगळं जोडून झाल्यावर मागून काहीच येईना. टीव्हीच्या आवाजाच्या मेनूत ‘डिजिटल आउटपुट’ पीसीएमवर होतं. ते ‘ऑटो’ केलं आणि संचाच्या खिडकीत डॉल्बी अशी अक्षरं उमटली. ‘तुंबाड’मधला पाऊस मागच्या भिंतीवर पडायला लागला. कितीतरी घरांत हे एक सेटिंग न बदलताच ‘मागचे बिघडलेत’ म्हणून तक्रार नोंदवली जात असेल.

राहिला प्रश्न रात्रीचा. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सहा ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. बोलण्याचे स्वर चार इंची विटेच्या भिंतीत बरेचसे अडतात. बेस अडत नाही, तो स्लॅबमधून खाली उतरतो. सबवूफरखाली जाड रबरी पट्टा घातला. संचात ‘नाइट मोड’ होता; तो स्फोट दाबतो आणि कुजबूज वर आणतो, तो रात्रीसाठी ठरला. तरीही नेमकी किती पातळी चालते ते आपल्या सोफ्यावरून कळत नाही. म्हणून मामेभाऊ खालच्या मजल्यावरच्या काकांकडे जाऊन त्यांच्याच हॉलमध्ये बसला, आणि वर मामी फोन कानाला लावून आकडे एकेकानं खाली आणत गेली. बारावर काकांची भुवई वर होती, दहावर खाली आली. रात्री दहानंतर आवाज दहा, सबवूफर उणे चार, शनिवारी अकरापर्यंत सूट. आणि भारताचा सामना असेल तर काका वर येणार, असं ठरलं.